मुख्य प्रधान कोणाचा? नागपूर, 1938

1935च्या कायद्याने प्रांतांतील द्विदल राज्यपद्धती संपुष्टात आणली आणि 1 एप्रिल 1937पासून प्रांतिक स्वायत्ततेचा अंमल सुरू झाला. त्या कायद्याच्या कलमांत मात्र मुख्य प्रधानाचा साधा उल्लेखही नव्हता. गव्हर्नरने मंत्री निवडावेत आणि त्याची मर्जी असेपर्यंत त्यांनी अधिकारावर राहावे, एवढेच कायदा सांगत होता. विधिमंडळात स्थिर बहुमत राखू शकेल अशा व्यक्तीच्या विचाराने ही निवड व्हावी, हे गव्हर्नरला दिलेल्या आदेशपत्रात होते. म्हणजे हे पद उभे होते ते इंग्लंडमधून आलेल्या संकेतांवर. मराठीत त्याला ‘मुख्य प्रधान’ म्हणत, ‘पंतप्रधान’ही म्हणत, पेशव्यांच्या बिरुदाची छाया असलेला हा दुसरा शब्द पदाच्या प्रत्यक्ष अधिकारांपेक्षा बराच भारदस्त होता.

या संकेतांची कसोटी लागली ती मध्यप्रांत-वऱ्हाडात. 112 सदस्यांच्या विधानसभेत काँग्रेसचे बहुमत होते. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे मुख्य प्रधान झाले. पण मंत्रिमंडळात मराठी आणि हिंदी असे दोन प्रदेश शेजारी बसले होते आणि त्यांचे पटत नव्हते. 1938च्या मे महिन्यात पचमढी येथे श्रेष्ठींच्या साक्षीने समेट झाला, तो टिकला नाही.

20 जुलै रोजी खरे यांनी वऱ्हाडच्या दोन सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. प्रमुख गेला की मंत्रिमंडळ गेले, हा संकेत त्यांना अभिप्रेत होता. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता हे महाकोशलातील तिघे मंत्री मात्र राजीनामा देईनात. पक्षाची आज्ञा आल्यावाचून पद सोडणार नाही, अशी त्यांची भूमिका. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्यांना रात्रीतून बडतर्फ केले आणि खरे यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले. अवघ्या दोन दिवसांत श्रेष्ठींच्या दडपणामुळे तेही त्यांना सोडावे लागले. वर्ध्याच्या बैठकीत कार्यकारिणीने खरे यांना जबाबदारीच्या पदांस अपात्र ठरवले आणि महिना संपण्यापूर्वी शुक्ल मुख्य प्रधान झाले. कार्यकारिणीच्या या अधिकाराचे समर्थन गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये केले.

येथे दोन्ही बाजूंकडे तर्क होता, ही गोष्ट पुढील वादंगात झाकली गेली. सहकारी निवडण्याचे स्वातंत्र्य नसलेला प्रमुख नावापुरताच प्रमुख, हे खरे यांचे म्हणणे संसदीय दृष्टीने बिनतोड होते. परंतु ते सिद्ध करण्यासाठी त्यांनी आधार घेतला तो परकीय गव्हर्नरच्या मर्जीचा, आणि ज्या पक्षाने मतदारांना वचन दिले होते तो त्या मर्जीविरुद्धच लढत होता. खरे यांची चूक घटनात्मक नव्हती, राजकीय होती. पण शिक्षा झाली ती बेशिस्तीची. भाषिक असूयेचा भागही त्यात होताच. वायली यांनी कायद्याबाहेर पाऊल टाकले नाही, हेही नोंदवले पाहिजे. पुढे 1943मध्ये खरे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, तेव्हा त्यांच्या टीकाकारांना जुन्या आरोपाला आयतेच बळ मिळाले.

26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 164व्या अनुच्छेदाने ‘मुख्यमंत्री’ या पदाला प्रथमच कायद्याचे नाव दिले. इतर मंत्री राज्यपालाने मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने नेमावेत आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असावे, असे त्यात आहे. नागपुरात खरे यांनी मागितले ते जवळजवळ हेच होते. त्याचा लाभ मात्र शुक्लांना झाला. 1946पासून पुन्हा सत्तेवर असलेले शुक्ल नागपुरातूनच कारभार पाहत होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी भोपाळला हलली आणि नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री म्हणून शुक्लांनी शपथ घेतली. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्यांचे निधन झाले.