बाळू पालवणकर : चेंडू हाती, बॅट नव्हे

क्रिकेटचा विषय निघाला की आम्हां वऱ्हाडकरांस प्रथम आठवण होते ती नागपूरच्या सी. के. नायडूंची. 1932 साली लॉर्ड्सवर हिंदी संघाच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व त्यांनी केले, तेव्हा ही आठवण रास्तच होय. परंतु त्यापूर्वी एकवीस वर्षे इंग्लंडात जाऊन शंभराहून अधिक बळी घेणारा एक मराठी गोलंदाज आमच्या बैठकींतून क्वचितच उल्लेखिला जातो, याचे आम्हांस नवल वाटते.

बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म 1876 साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीस होते. पुण्यात बाळू प्रथम पारशांच्या क्लबात मैदानाची देखभाल करीत, व पुढे 1892 च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये महिन्यावर लागले. तेथे झाडलोट, रोलर ओढणे, जाळी बांधणे ही कामे करता करता साहेब लोकांस सरावासाठी चेंडू टाकण्याचे कामही त्यांच्याकडे आले. कॅप्टन ग्रेग हा नामांकित फलंदाज इतरांच्या आधी तासभर येऊन एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. आपणांस बाद केल्यास दर खेपेस आठ आणे, असा त्याचा करार होता अशी आख्यायिका आहे. डाव्या हाताची ती संथ, फसवी गोलंदाजी अशी घडली. मात्र त्या शेकडो तासांत बाळूंच्या हाती बॅट एकदाही दिली गेली नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, फलंदाजी ही साहेबाची मौज! हाच भेद पुढे त्यांच्या स्वकीयांनीही निराळ्या रीतीने पाळला, हे अधिक दुःखद.

पुण्याच्या हिंदू संघास गोऱ्यांना हरविण्याची हौस होती. म्हणून बऱ्याच वादानंतर बाळूंना संघात घेतले. मैदानावर तोच चेंडू सर्व जण हाताळीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हिलियनबाहेर मातीच्या टाकाऊ भांड्यात चहा मिळे. चेंडूस विटाळ नव्हता, पेल्यास होता! साताऱ्याच्या गोऱ्या संघावर बाळूंनी विजय मिळवून दिल्यावर न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास का कचरता, अशा आशयाने संघास बजावले.

पुढे मुंबईस हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंनी गोऱ्यांचा 109 धावांनी पराभव केला, त्या संघात बाळू व त्यांचे बंधू शिवराम दोघेही होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो संघ विलायतेस गेला, तो तेवीसपैकी पंधरा सामने हरला. परंतु पस्तिशीच्या बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी मिळविले. महाराज मानाचे धनी, कष्टाचे धनी बाळू.

असा पुरुष हिंदू संघाचा कर्णधार कधीच झाला नाही. 1920 साली त्यांना संघातून वगळण्यात आले, आणि कर्णधारपदही पालवणकर बंधूंना डावलून दुसऱ्याकडे गेले. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला. हा नकार आम्हांस कित्येक शतकांहून मोलाचा वाटतो. लोकमत असे पेटले की अंतिम सामन्यासाठी बंधूंना परत आणावे लागले व बाळूंना उपकर्णधार नेमले गेले. 1923 मध्ये धाकटे विठ्ठल कर्णधार झाले, आणि त्या वर्षीचे चौरंगी सामने हिंदूंनी जिंकले. विठ्ठल हे फलंदाज होते, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

बाळूंचे नाव पुढे राजकारणातही आले. 1932 च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले, व डॉक्टरसाहेब विजयी झाले. विठ्ठलांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र 1948 साली प्रसिद्ध केले. बाळू 1955 च्या जुलैत मुंबईत वारले.