डायरीतला दोन

गिरीजमधल्या जुन्या घरांत फोनची डायरी उघडली, तर बऱ्याच नंबरांआधी वेगळ्या शाईतला २ कोंबलेला दिसतो. वसईचे ०२५० वाले नंबर सहा आकडी होते, ते सात आकडी झाले तेव्हाचा तो. जुना नंबर कुणी पुसला नाही, फक्त पुढे एक आकडा लागला. डायरीतली चौकट मात्र सहाच आकड्यांच्या मापाची, म्हणून २ समासात गेला. संगणकाच्या रजिस्टरांची वंशावळ चाळताना मला हा समास आठवतो.

रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या पोटातला कप्पा. इंटेलच्या १९७४ च्या ८०८० मध्ये ‘ए’ नावाचा मुख्य कप्पा आठ बिटांचा होता. १९७८ च्या ८०८६ ने सोळा बिटांचा ‘एएक्स’ आणला, पण त्याचे दोन अर्धे ‘एएच’ आणि ‘एएल’ या नावांनी वेगळे हाताळता येत. १९८५ मध्ये ८०३८६ ने त्याला बत्तीस बिटांचा ‘ईएएक्स’ केला, २००३ मध्ये एएमडीने चौसष्ट बिटांचा ‘आरएएक्स’. चारही पिढ्या एकाच छपराखाली, आणि एकत्र कुटुंबाला शोभेल असा विचित्र रिवाजही आहे: बत्तीस बिटांत लिहिलं की वरचे बत्तीस शून्य होतात, सोळा किंवा आठ बिटांत लिहिलं तर वरच्यांना धक्काही लागत नाही.

इथवर मामला चिपचा. २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्स २.६.२० मध्ये केव्हीएम (एका मशीनच्या आत दुसरं, खोटं मशीन चालवायची सोय) आलं, क्युमरानेट कंपनीतल्या अवी किविटींनी लिहिलेलं, आणि प्रश्न बदलला. खोट्या मशीनची रजिस्टरं कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे असतात, पण ती वाचणारा प्रोग्राम, उदाहरणार्थ क्यूईएमयू, कर्नलबाहेर म्हणजे यूजरस्पेसमध्ये राहतो. मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचं, तर प्रत्येक कप्प्यातला ऐवज त्या प्रोग्रामच्या हाती मोजून द्यावा लागतो. कप्प्याची रुंदी आता दोघांमधला करार झाली. लिनक्सचा दंडक असा की काल चालणारा प्रोग्राम आजच्या कर्नलवरही चालला पाहिजे. केव्हीएमने तर आपल्या आवृत्तीचा आकडा २.६.२२ पासून १२ वर गोठवला आणि दुसरा आकडा दिसला तर कामच करू नका, असं प्रोग्रामांना बजावलं. म्हणजे १३ कधी येणारच नाही! नवं काही असेल तर ते ‘आहे का?’ असं नाव घेऊन विचारायचं.

पुढे एकेक रजिस्टर मागण्याची सोय झाली, तेव्हा रजिस्टराच्या चौसष्ट बिटी ओळख-क्रमांकातच चार बिट रुंदीसाठी राखून ठेवले. बत्तीस बिटांचा कप्पा आणि चौसष्ट बिटांचा कप्पा यांची नावंच वेगळी. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण मागणाऱ्याने किती मोठं भांडं आणलंय ते मागतानाच कळतं.

सगळीकडे अशी दूरदृष्टी नव्हती. प्रोसेसरची विस्तारित अवस्था वाचायच्या ‘गेट-एक्ससेव्ह’ मागणीत भांडं ठरलेलं होतं: ४०९६ बाइट. मग इंटेलने मॅट्रिक्सच्या गणितासाठी एएमएक्स आणलं. त्याच्या एकट्या टाइल-डेटालाच ८१९२ बाइट लागतात. कर्नलने जुन्याच मागणीवर सगळं ओतलं असतं तर ४०९६ च्या पुढचे बाइट त्या प्रोग्रामच्या शेजारच्या मेमरीवर सांडले असते, आणि बिघाड उमटला असता भलत्याच ठिकाणी. म्हणून २०२२ च्या लिनक्स ५.१७ मध्ये ‘गेट-एक्ससेव्ह२’ ही वेगळी मागणी आली; आधी माप विचारा, तेवढी जागा करा, मग या. वर आणखी एक कडी: खोट्या मशीनला एएमएक्स द्यायचं, तर प्रोग्रामने आधी कर्नलकडे परवानगी मागायची. जुन्या प्रोग्रामला ही परवानगी ठाऊकच नाही, त्यामुळे त्याच्या मशीनला एएमएक्स मिळत नाही. जुनी मागणीही काढलेली नाही. ती आजही ४०९६ बाइटच देते.