मध्यरात्रीची घंटा : तंजावरच्या छत्रांचा मागोवा

तंजावरला आज जाणारा आधी नियम विचारून घेतो. मोठं देऊळ दुपारी बंद असतं, चपला बाहेर काढायच्या, राजवाड्यात तिकीट घ्यायचं. यातला प्रत्येक नियम येणाऱ्याला सांगितलेला आहे. दोन शतकांपूर्वी याच मुलखात तंजावरच्या भोसले राजांनी पाहुण्यांसाठी जे नियम घातले, ते मात्र यजमानावर बंधनकारक होते.

काशीची गंगा रामेश्वरावर वाहायला निघालेला यात्रेकरू पायी तंजावरच्या राज्यातून जाई. त्याच्यासाठी या मराठी राजांनी वाटेवर छत्रे, म्हणजे मुक्कामाची आणि अन्नदानाची ठिकाणे, बांधली आणि ती चालावीत म्हणून गावे लावून दिली. बहुतेकांना राजघराण्याशी संबंधित स्त्रियांची नावे आहेत. राजा प्रतापसिंहाच्या काळात नीडामंगलमला यमुनांबा छत्र उभे राहिले, तर 1802 च्या सुमारास राजे दुसरे सरफोजी यांनी ओरत्तनाडला मुक्तांबा छत्र बांधले.

1799 च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. सरफोजींच्या हाती किल्ला आणि आसपासचा थोडा भाग उरला. तरी छत्रे आपल्याकडेच राहावीत म्हणून ते झगडले. 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिनला लिहिलेल्या पत्रात त्यांनी छत्रांची रीत तपशीलवार मांडली. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत, जोगी-जंगम-बैरागी धरून, येईल त्याला भात मिळे. शिजलेले नको असेल त्याला कोरडा शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी आहे का, असा पुकारा होई. आजाऱ्याला वैद्य, औषध आणि पथ्याचे जेवण. तान्ह्या मुलाला दूध. बाळंत झालेली बाई तीन महिने राहू शके. वाटेत पोरकी झालेली मुले छत्रातल्या पंतोजीकडे सोपवली जात आणि तिथेच शिकत.

राजाचे सैन्य गेले, वसुली गेली. आपल्या राज्याची कीर्ती या दानधर्मावर उभी आहे, असे सरफोजी मानत. म्हणूनच त्यांनी आग्रह धरला तो याच खर्चाचा.

पुढे वाटच बदलली. 1855 मध्ये वारस नाही म्हणून तंजावरचे राज्य खालसा झाले. मग आगगाडी आली, 1914 मध्ये पांबनचा पूल झाला आणि मुक्कामामुक्कामाने चालणारा यात्रेकरू दिसेनासा झाला. छत्रे सरकारी कारभारात गेली. ओरत्तनाडची वास्तू विद्यार्थ्यांचे वसतिगृह म्हणून वापरात आली. पोरक्या मुलांना शिकवण्याच्या जुन्या नियमाशी याचे नाते सरळ जुळते.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दरबाराचे मोडी कागद जपलेले आहेत. आपण मराठी माणसे तंजावरला दरबार पाहतो, ग्रंथालय पाहतो आणि बहुधा परत फिरतो. ओरत्तनाड तंजावरच्या दक्षिणेला, तासाभराच्या आत आहे. तिथे जरूर जावे. आपल्याकडच्या देवस्थानांनी आणि पर्यटन खात्यांनी तर त्या छत्राकडून एक शिकावे : फलकावर मनाई लिहिण्याआधी, रात्री उशिरा पोहोचलेल्याला, आजाऱ्याला, लेकुरवाळीला आपण काय देणार आहोत ते लिहावे.