दाहनुकेचा पुण्यतर

आमच्या ज्ञातीचा इतिहास लिहावा, अशी सूचना संमेलनात वरचेवर येते आणि लगेच कोणी तरी वंशावळ पुढे करून एखाद्या राजघराण्याशी नाते जोडतो. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाल्यापासून तर 'या किनाऱ्यावर आपण किती पिढ्यांचे' हा प्रश्न घरोघर ऐकू येतो. आम्हांस वंशावळींपेक्षा नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याची भिंत अधिक विश्वसनीय वाटते. कारण तिच्यावर आमच्या खाडीचे नाव कोरलेले आहे.

लेख क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा, सुमारे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील. आपली दाने सांगताना तो इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर नावांचा 'पुण्यतर' केल्याचे नमूद करतो. पुण्यतर म्हणजे भाडे न घेता पार उतरविणे. दोन्ही तीरांवर त्याने विसाव्याच्या जागा व पाणपोयाही घातल्या. पारादा ती पार, दमण ती दमणगंगा आणि दाहनुका ती डहाणूची, असे विद्वान मानतात.

एवढ्याशा खाडीवर राजाच्या जावयाने नाव का ठेवावी? नकाशा पाहावा. त्याच लेखात भरुकच्छ म्हणजे भडोच व शोर्पारग म्हणजे सोपारा येथे धर्मशाळा बांधल्याचा उल्लेख आहे. या दोन बंदरांमधील किनारा नद्यांनी व खाड्यांनी जागोजाग तुटलेला. भरती आली की लहानशा ओढ्याचीही खाडी होते, आणि लादलेले बैल घेऊन तांडा तीरावर खोळंबतो. पूल नसताना ज्यांनी खाडी उतरली त्यांस हे सांगणे नलगे. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणला लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे म्हटले आहे. व्यापारासाठी अशी ओढाताण चालू असता, नहपानाच्या जावयाचा हा धर्म निव्वळ पारलौकिक नसावा, असा आमचा तर्क आहे.

सोपाऱ्याची साक्ष जमिनीतून निघाली. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकलला. अस्थिकरंडकाबरोबर सोन्याची फुले व यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे सापडले. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही त्याच वर्षी मिळाला. नवव्याचा १९५६ साली भुईगावास.

वाडीवाल्या कुटुंबांस आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. उषवदाताने नानंगोल गावी ३२,००० नारळीची झाडे दान दिली. हे गाव म्हणजे नारगोळ, असे मानतात. एकरी सत्तर झाडे धरली तरी ती वाडी साडेचारशे एकरांवर जाते! तिला पाणी कोणी घातले, दाहनुकेवर वल्हे कोणी मारले, हे लेख सांगत नाही. ते आमचेच पूर्वज होते, असे म्हणण्याचा मोह आम्हांसही झाला. परंतु भिंतीवर नाव आहे ते नदीचे, नावाड्याचे नाही.