वेब होस्टिंग कंट्रोल पॅनेल

वेब होस्टिंग कंट्रोल पॅनेल म्हणजे संकेतस्थळे, ईमेल खाती, डेटाबेस, डोमेन नावे आणि सुरक्षा प्रमाणपत्रे यांची व्यवस्था ब्राउझरमधून पाहता यावी यासाठी सर्व्हरवर बसविली जाणारी प्रणाली होय. लिनक्सच्या आज्ञा पाठ नसलेल्या व्यक्तीलाही तिच्या साहाय्याने सर्व्हर चालविता येतो. मात्र पॅनेल ज्या सर्व्हरची व्यवस्था पाहते, त्याच सर्व्हरची मेमरी, प्रोसेसर आणि डिस्कवरील जागा तेही वापरते. त्यामुळे १ ते २ जीबी मेमरी असलेल्या लहान सर्व्हरसाठी पॅनेल निवडताना साधनवापर हा महत्त्वाचा निकष ठरतो.

इतिहास

सी-पॅनेल या प्रणालीचा आरंभ १९९६ मध्ये झाला. जेमी कॅमेरॉन यांनी पर्ल भाषेत लिहिलेले वेबमिन हे मुक्तस्रोत पॅनेल १९९७ मध्ये, तर डायरेक्टॲडमिन २००३ मध्ये आले. भारतात या व्यवसायाच्या वाढीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९९८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या डायरेक्टी समूहातून रिसेलरक्लब आणि बिगरॉक या सेवा उभ्या राहिल्या. २०१४ मध्ये त्या एन्ड्युरन्स या अमेरिकी कंपनीकडे गेल्या.

२०१९ मध्ये सी-पॅनेलने परवान्याचे शुल्क सर्व्हरवरील खात्यांच्या संख्येनुसार आकारण्यास सुरुवात केली. अनेक खाती सांभाळणाऱ्या लहान व्यावसायिकांचा खर्च त्यामुळे वाढला आणि पर्यायी पॅनेलांकडे लक्ष वेधले गेले.

साधनवापराची कारणे

पॅनेल ‘जड’ आहे किंवा ‘हलके’ आहे, असे म्हटले जाते तेव्हा दोन गोष्टी एकत्र केल्या जातात. पहिली म्हणजे पॅनेलचा स्वतःचा कार्यक्रम आणि दुसरी म्हणजे त्याने सोबत बसविलेल्या सेवा. लहान सर्व्हरवर बहुतेक वेळा मोठा भार दुसऱ्या प्रकारचा असतो.

* विषाणू तपासणी : ईमेलसाठी वापरले जाणारे क्लॅमएव्ही विषाणूंच्या खुणांची संपूर्ण सूची मेमरीत ठेवते. त्यासाठी सुमारे १ जीबी किंवा अधिक मेमरी लागते. सूची अद्ययावत होताना जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती काही काळ मेमरीत राहत असल्याने हा वापर जवळजवळ दुप्पट होऊ शकतो.
* पीएचपी प्रक्रिया : एका प्रक्रियेला सरासरी ६० एमबी लागतात असे मानल्यास एकाच वेळी चालणाऱ्या २० प्रक्रियांना १,२०० एमबी लागतील. या प्रक्रियांची कमाल संख्या किती ठेवावी, हे पॅनेलमधूनच ठरविता येते.
* डेटाबेस : मायएसक्यूएल व मारियाडीबी यांच्यातील इनोडीबीचा बफर मूळ मांडणीत १२८ एमबी असतो. मायएसक्यूएलमध्ये कार्यमापनाची नोंदयंत्रणाही आरंभापासून चालू असते, मारियाडीबीमध्ये ती बंद असते.
* प्रतिसाठा व आकडेवारी : बॅकअप आणि भेटींची आकडेवारी ही कामे बहुधा रात्री चालतात. दिवसा न दिसणारा प्रोसेसर व डिस्कवरील ताण तेव्हा निर्माण होतो.

प्रमुख पॅनेले

* सी-पॅनेल : सशुल्क. किमान २ जीबी मेमरी आवश्यक, ४ जीबीची शिफारस. अनेक ग्राहकांना खाती देणाऱ्या व्यावसायिकांमध्ये प्रचलित.
* प्लेस्क : सशुल्क. लिनक्स आणि विंडोज या दोन्ही सर्व्हरांवर चालते.
* डायरेक्टॲडमिन : सशुल्क. सशुल्क पॅनेलांत तुलनेने हलके मानले जाते.
* हेस्टिया : मुक्तस्रोत. ईमेलमधील विषाणू व स्पॅम तपासणी वगळल्यास १ जीबी मेमरीवरही बसविता येते.
* क्लाउडपॅनेल : विनामूल्य. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरवर आधारित असून त्यात ईमेल सर्व्हर नसतो.
* आयएसपीकॉन्फिग : मुक्तस्रोत. एकाच पॅनेलमधून अनेक सर्व्हर हाताळता येतात. त्यामुळे पॅनेलचा भार वेगळ्या सर्व्हरवर ठेवणे शक्य होते.

निर्मात्यांनी दिलेल्या किमान गरजांची थेट तुलना करणे दिशाभूल करणारे ठरते. ईमेल सर्व्हर नसूनही क्लाउडपॅनेल २ जीबी मेमरी सुचविते, तर ईमेलसह हेस्टिया १ जीबीवर बसू शकते. या आकड्यांत संकेतस्थळांच्या वापरासाठी किती जागा धरली आहे, हे प्रत्येकाचे वेगळे असते.

मोजमाप

विश्वासार्ह तुलना प्रत्यक्ष मोजमापातून होते. लिनक्समधील ‘फ्री’ या आज्ञेने मेमरीची स्थिती कळते. तेथे ‘फ्री’ या रकान्याऐवजी ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहावा. लिनक्स रिकामी मेमरी फायलींच्या तात्पुरत्या साठ्यासाठी वापरते आणि गरज पडताच ती मोकळी करते. त्यामुळे पहिला आकडा लहान असणे हे संकटाचे लक्षण नव्हे. पॅनेल बसविण्यापूर्वी, बसविल्यानंतर आणि बॅकअप चालू असताना अशा तीन नोंदी घेतल्यास भार नेमका कशामुळे वाढतो हे कळते. कोणती प्रक्रिया किती मेमरी घेते, हे ‘टॉप’ या आज्ञेने दिसते.

मेमरी पूर्णपणे संपल्यास लिनक्सचे कर्नल एखादी प्रक्रिया स्वतःच बंद करते. अधिक मेमरी वापरणारी प्रक्रिया त्यासाठी प्रथम निवडली जात असल्याने अनेकदा डेटाबेस बंद पडतो आणि संकेतस्थळ उघडेनासे होते. स्वॅप जागा ठेवल्यास हा प्रसंग टळू शकतो, परंतु डिस्क मेमरीपेक्षा संथ असल्याने तो कायमचा उपाय नाही.

निवडीचे निकष

आवश्यक सेवा आधी ठरवून मग पॅनेल निवडणे हा योग्य क्रम होय. उदाहरणार्थ, बाळापूरसारख्या तालुक्याच्या गावातील एखाद्या शाळेचे एकच संकेतस्थळ असेल आणि तिचे ईमेल अन्य सेवेकडे असेल, तर ईमेल सर्व्हर व विषाणू तपासणी बसविण्याचे कारण उरत नाही. वाचलेली मेमरी निकालाच्या दिवशी एकाच वेळी येणाऱ्या पालकांसाठी उपयोगी पडते. याउलट अनेक ग्राहकांची संकेतस्थळे व ईमेल सांभाळणाऱ्या व्यावसायिकाला ४ जीबी किंवा अधिक मेमरीचा सर्व्हर घेऊन सर्व सुविधांचे पॅनेल वापरणे सोयीचे ठरते. शेअर्ड होस्टिंगमध्ये पॅनेलची निवड सेवा देणारी कंपनी करते. तेथे ग्राहकाने आपल्या खात्यावरील मेमरी व प्रोसेसरची मर्यादा पाहावी.

सुरक्षितता

केवळ हलकेपणा पाहून केलेली निवड घातक ठरू शकते, कारण पॅनेलला सर्व्हरवरील सर्वोच्च अधिकार असतात. २०१८ मध्ये वेस्टा या हलक्या पॅनेलमधील त्रुटीचा लाभ घेऊन अनेक सर्व्हर ताब्यात घेण्यात आले. हेस्टिया ही याच प्रणालीची पुढे विकसित झालेली शाखा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनेलमधील त्रुटींमुळे हजारो सर्व्हरांवर खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाला. म्हणून पॅनेल नियमितपणे अद्ययावत होते का आणि सर्व्हरच्या संचालन प्रणालीला अजून सुरक्षा सुधारणा मिळतात का, हे मेमरीच्या आकड्याइतकेच काळजीपूर्वक पाहावे लागते. पॅनेलचे प्रवेशद्वार ठरावीक पत्त्यांपुरतेच खुले ठेवणे आणि बॅकअपची एक प्रत सर्व्हरबाहेर राखणे, या दोन खबरदाऱ्या कोणत्याही पॅनेलसाठी आवश्यक आहेत.