'शोलापूर'चं 'सोलापूर' करताना: फाइलचं नाव बदलण्याचा छोटा इतिहास

माझ्या हातून एक चूक झाली. तुमच्या हातून होऊ नये म्हणून ही पोस्ट.

माझा विषय १९३० चं सोलापूर, म्हणजे मे महिन्यातला मार्शल लॉ. जुन्या इंग्रजी कागदांत शहराचं नाव 'शोलापूर', मराठीत 'सोलापूर'. फोटोंना मी तशीच नावं दिली होती. मग पायथनच्या चार ओळी लिहून सगळीकडे 'सोलापूर' केलं. 'शोलापूर_१९३०_०७' आणि 'सोलापूर_१९३०_०७' हे दोन वेगळे कागद होते. माझ्या लिनक्सवर त्यांतला एकच उरला, आणि एररसुद्धा आली नाही! मैत्रिणीच्या विंडोजवर मात्र त्याच ओळी तिथेच अडल्या.

असं का?

सुरुवातीच्या युनिक्समध्ये नाव बदलण्यासाठी वेगळा सिस्टिम कॉल नव्हता. फाइलला आधी नवं नाव जोडायचं (लिंक), मग जुनं काढायचं (अनलिंक). नवं नाव आधीच वापरात असेल तर ते आधी मोकळं करावं लागे. नेमकी तेव्हा वीज गेली, तर त्या नावाची फाइलच गायब. १९८३ च्या ४.२ बीएसडीने 'रीनेम' आणला. आता नवी फाइल थेट जुनीच्या जागी बसते. वाचणाऱ्याला जुनी तरी पूर्ण दिसते, नाहीतर नवी. म्हणजे मी ज्याला बिघाड समजलो, ती मुद्दाम केलेली सोय होती.

डॉसचा 'रेन' मात्र नाव आधीच असेल तर नकार द्यायचा. विंडोजचं साधं 'मूव्हफाइल'ही तेच करतं. पायथनच्या 'ओएस.रीनेम'ने दोन्ही वारसे जसेच्या तसे घेतले. २०१२ मध्ये पायथन ३.३ ने 'ओएस.रिप्लेस' दिलं, ते दोन्हीकडे जुनी फाइल बदलून टाकतं.

पण आपल्याला उलटं हवंय: काहीही पुसलं जाऊ नये. 'नाव आहे का' विचारून मग रीनेम केलं, तरी मधल्या क्षणात दुसरा प्रोग्रॅम ते नाव घेऊ शकतो. इथे तीच जुनी पद्धत कामी येते: 'ओएस.लिंक'ने नवं नाव जोडा, मग जुनं काढा. नाव आधीच असेल तर लिंक लिनक्सवरही आणि विंडोजवरही नकार देते. मात्र दोन्ही नावं एकाच डिस्कवर हवीत, आणि फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर हे चालत नाही.

त्याआधी एक काम कराच. सगळी नवी नावं यादीत काढून एकही दोनदा येत नाही ना, ते बघा. आणि मूळ फोटोंची प्रत वेगळी ठेवा. माझी नव्हती. तो सातवा कागद बघायला आता पुन्हा दप्तरखान्यात जायचंय.