पाच व्होल्टांचे राज्य

मेजावरच्या संगणकात पाठीमागच्या अंगाला पंखा लावलेली एक पत्र्याची पेटी असते. भिंतीतून आलेली २३० व्होल्टांची एसी वीज घेऊन ती आत कमी दाबाची डीसी वीज पुरवते. बखर लिहिली जाते ती राजाची, कोठीवाल्याची नव्हे. पण आज आपण कोठीत डोकावू.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. अशा नळ्यांना सामान्यतः शे-दोनशे व्होल्ट लागत. पुढे चिप आली आणि ५ व्होल्ट हा जणू सरकारी दर ठरला. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकाची पेटी ६३.५ वॉटची, त्यांतले ३५ वॉट एकट्या ५ व्होल्टांचे. १२ व्होल्ट होते ते मुख्यतः चकत्या फिरविणाऱ्या मोटारींसाठी.

चिपवरील नक्षी बारीक होत गेली, तसे तिला ५ व्होल्ट सोसेनात. १९९३ चा पेंटियम ५ व्होल्टांवर चाले, १९९४ चा ३.३ वर. आज हा दाब एका व्होल्टाच्या आसपास आला आहे. म्हणजे वीज कमी लागू लागली, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. एका व्होल्टाने १०० वॉट द्यायचे तर १०० अँपिअर प्रवाह हवा. तो हातभर तारेतून नेला तर तार तापेल आणि दाब वाटेतच गळेल. म्हणून २००० साली पेंटियम ४ बरोबर निराळी व्यवस्था रूढ झाली: पेटीने १२ व्होल्ट द्यावेत आणि चिपच्या उशाशी ते उतरवावेत. ५ ऐवजी १२ व्होल्टांनी तेवढीच शक्ती नेली, तर त्याच तारेतील उष्णता सुमारे सहावा हिस्सा उरते.

पनवेलकरांच्या रोजच्या वाटेवर हेच घडले आहे. आपल्या हार्बर मार्गाच्या मुंबई–कुर्ला भागावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी धावली, ती १,५०० व्होल्टांवर. २०१६ मध्ये तेथे २५,००० व्होल्ट आले. दाब वाढला की प्रवाह घटतो, हेच तेथेही मुख्य कारण.

जुनी पेटी नव्या संगणकाला जोडण्याची काटकसर आम्हीही एकदा केली. वॉटांचा आकडा पुरेसा होता. पण जुनीचे बळ ५ व्होल्टांत, नव्याची भूक १२ ची! संगणक दोनदा डोळे मिचकावून निजला.

२०२० च्या सुमारास इंटेलने केवळ १२ व्होल्ट देणाऱ्या पेटीचा नमुना पुढे केला. त्यात ५ व्होल्ट लागतील ते संगणकाच्या मुख्य पाटीवरच तयार करायचे. यूएसबीच्या खोबणीत मात्र त्यांची वतनदारी अजून चालू आहे.